काकांच्या गाण्यांची यादी कोणी ठरवली?

१९७५ साली जन्मलेला माणूस मुकेश गेले तेव्हा नुकता चालायला लागला होता. मोहम्मद रफी गेले तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि किशोरकुमार गेले तेव्हा बाराचा. आज तो पन्नाशीत आहे. चंद्रपूर, बल्लारपूर किंवा गडचिरोलीतल्या एखाद्या कराओके संध्येला तो माइक हातात घेतो, तेव्हा त्याच्यापुढे याच तिघांची यादी ठेवली जाते. वर कौतुकानं सांगितलं जातं, ‘काकांच्या काळातली गाणी.’

काकांचा काळ कोणता, ते जरा बोटांवर मोजा. हा माणूस पंधरा वर्षांचा झाला १९९० मध्ये. त्या वर्षी ‘आशिकी’ आला. त्यानंतर कुमार सानूला सलग पाच वर्षं फिल्मफेअर मिळालं. पानठेल्यावर, काळीपिवळीत, लग्नाच्या मांडवात ज्या कॅसेट्स वाजत होत्या त्या टी-सीरीजच्या होत्या, आनंद शिंदेंच्या होत्या. रफी त्याच्या वडिलांचा गायक होता. म्हणजे आपण पन्नाशीच्या माणसाला ‘घ्या तुमच्या आठवणी’ म्हणून देतो त्या मुळात आजोबांच्या असतात.

हे मी कराओके मंडळांची टिंगल करायला लिहीत नाहीये. उलट मला ही मंडळं मनापासून आवडतात. वेकोलितला ओव्हरमन, औष्णिक वीज केंद्रातला टेक्निशियन, झेडपीचा मास्तर, बँकेतला कॅशियर. आठवडाभर हिशेब आणि शिफ्ट सांभाळायची आणि रविवारी एका हॉलमध्ये जमायचं. एक लॅपटॉप, दोन स्पीकर, यूट्यूबवरचे ट्रॅक आणि घरी कधी न बोललेलं गाण्यातून बोलायचं. आपल्याकडे पन्नाशीच्या पुरुषाला हळवं व्हायला दुसरी जागा आहे कुठं? म्हणून तर तिथं काय गायलं जातं, हे मला किरकोळ वाटत नाही.

माझा आक्षेप यादीवर आहे. आणि ती यादी बनवण्यात तुमचा-माझा हात आहे. बाबांचा पन्नासावा वाढदिवस, काकांची सेवानिवृत्ती, मामा-मामीच्या लग्नाची पंचवीस वर्षं. कराओकेची जबाबदारी कोणावर येते? घरातल्या मोबाइलवाल्या पोरांवर. आपण सर्चमध्ये ‘ओल्ड इज गोल्ड कराओके’ टाकतो, वरची वीस गाणी उचलतो आणि मोकळे होतो. बाबांना विचारत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. डिफॉल्ट सेटिंग काय चीज आहे ते मला माहीत आहे. बहुतेक लोक ते कधीच बदलत नाहीत आणि काही दिवसांनी तीच आपली आवड आहे असं समजू लागतात. आपण वडीलधाऱ्यांच्या आठवणी डिफॉल्टवर सोडल्या आहेत.

यातली गंमत अशी की कराओके जन्माला आलं ते नेमकं याच्या उलट विचारातून. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा वादक बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचा. एका छोट्या कंपनीच्या मालकाला बाहेरगावी, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी आपल्या व्यावसायिक मंडळींपुढे गायचं होतं. हा मालक लयीत कच्चा होता आणि त्याला सांभाळून घेणारी साथ फक्त इनोउएच करू शकायचा. इनोउएला जाणं जमेना. त्यानं त्या मालकाच्या आवाजाला, त्याच्या चालीला जुळेल अशी टेप भरून दिली. त्यातून १९७१ साली नाणं टाकून वाजवायचं यंत्र तयार झालं. ‘कारा’ म्हणजे रिकामं, ‘ओके’ म्हणजे ऑर्केस्ट्राचं लघुरूप. इनोउएनं पेटंट घेतलं नाही. २००४ साली त्याला शांततेचा इग नोबेल मिळाला, लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवल्याबद्दल. पण मूळ गोष्ट लक्षात ठेवा. कराओकेची सुरुवात एका माणसाला त्याच्या मापाचं गाणं शिवून देण्यापासून झाली. आपण मात्र रेडीमेड आणतो, तेही त्याच्या बापाच्या मापाचं.

जपानमधले मध्यमवयीन पुरुष त्या यंत्रावर काय गात आले? बऱ्याच अंशी एन्का. गाव सुटणं, बंदर, रात्रीची गाडी, दारूचा पेला यांची गाणी. ठरावीक गावांच्या, नद्यांच्या नावानं रचलेल्या गाण्यांचा तर तिथं वेगळा प्रकारच आहे. १९७७ साली सायुरी इशिकावानं गायलेलं त्सुगारू सामुद्रधुनीवरचं गाणं आजही कराओकेत गायलं जातं. तोक्योतून रात्रीच्या रेल्वेनं उत्तरेला निघालेल्या आणि पुढं बोटीत बसणाऱ्या बाईचं ते गाणं आहे. तोक्योत नोकरी करणारा माणूस आपल्या उत्तरेतल्या गावाकडची सामुद्रधुनी नावानिशी गाऊ शकतो. आता सांगा, आपल्या कराओकेच्या यादीत वैनगंगा कुठं आहे? मला तरी अजून दिसलेली नाही.

आणि आपल्याकडे गाणी नव्हती असं कोणी म्हणू नये. धान निघालं, दिवाळी झाली की मंडई भरते, शंकरपट होतात, आणि होळीपर्यंत झाडीपट्टीत रात्रभर नाटकं चालतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक कंपन्यांचं गाव. याच रंगभूमीवरच्या कामासाठी गडचिरोलीच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथं ऑर्गन आणि तबल्यावर जिवंत गाणं होतं, वन्स मोअर मिळतो, थंडीत शेकोटीशेजारी चादर गुंडाळून पोरं पहाटेपर्यंत बसतात. आजचा पन्नाशीतला माणूस तेव्हा त्या पोरांत होता. त्याला पहिल्यांदा छातीत काहीतरी हललं असेल ते तिथं. ती गाणी त्याच्या लॅपटॉपवर नाहीत.

चंद्रपूरची आणखी एक ओळख सांगतो. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरनंतर इथं धम्मदीक्षा दिली. इथल्या हजारो घरांत पहाटे भीमगीतांच्या कॅसेट वाजत आल्या आहेत. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे ही त्या घरांतली नावं. शेजारच्याच घरात खंजिरीवर तुकडोजी महाराजांची भजनं. ती ज्यांना तोंडपाठ आहेत ते लोक कराओके हॉलमध्ये येतात आणि रफी गातात. कारण तिथं ‘सगळ्यांना चालेल असं’ गायचं असतं. हे ‘सगळे’ कोण? हिंदी सिनेमाची यादी तटस्थ आहे, असं आपण धरून चालतो. प्रत्येकाचं स्वतःचं गाणं हॉलबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायला लावायचं आणि त्याला तटस्थपणा म्हणायचं, हे मला पटत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येईल. ‘राजेहो, रफी चांगला आहे म्हणून गातो, तुह्या पोटात काहून दुखते?’ बरोबर आहे. वडिलांच्या रेडिओमुळं रफी अनेकांच्या कानात मुरलाय आणि ज्याला तो मनापासून गायचा आहे त्यानं गावा. पण ट्रॅक मिळतो म्हणून गाणं आणि आठवतं म्हणून गाणं, यांत फरक आहे. रफीच्या मूळ पट्टीत पन्नाशीचा आवाज फाटतो, नस ताणली जाते, तरी कोणी म्हणत नाही की दोन सूर खाली घ्या. ज्या सोयीसाठी कराओके निर्माण झालं तीही आपण वापरत नाही. बहुतेक ॲपमध्ये पट्टी बदलायचं बटण असतं. शोधा.

दुसरं उत्तर: ‘झाडीपट्टीच्या गाण्यांचे ट्रॅकच नाहीत.’ मग बनवा. २०१९ साली डीझर या फ्रेंच कंपनीनं स्प्लीटर नावाचं मोफत सॉफ्टवेअर खुलं केलं. ते गाण्यातून आवाज आणि वाद्यं वेगळी करतं. पण खरं सांगायचं तर नाटकाच्या रेकॉर्डिंगवर त्याचा फार उपयोग होणार नाही. गर्दीचा गलका, घुमणारे भोंगे, सगळं एकात एक मिसळलेलं असतं. त्यापेक्षा सोपा रस्ता आहे. जो ऑर्गनवादक आज हयात आहे त्याच्यापुढं बसा, गाण्याची साथ नव्यानं रेकॉर्ड करा. लिहिणाऱ्याची आणि कंपनीची परवानगी घ्या आणि वादकाला पैसे द्या, फुकट नको. शब्द स्क्रीनवर सरकवायला लागते ती एलआरसी फाइल म्हणजे साधी टेक्स्ट फाइल असते. प्रत्येक ओळीआधी चौकोनी कंसात वेळ लिहायची. कॉलेजचं पोरगंही एका संध्याकाळी एक गाणं करू शकतं.

घाई एवढ्यासाठी की यातली बरीच गाणी फक्त माणसांत साठवलेली आहेत. हार्ड डिस्कचा बॅकअप घेतो आपण. ऑर्गनवाल्या काकाजींचा कोण घेतो?

तर पुढच्या वेळी घरात कराओके असेल तेव्हा सर्च उघडण्याआधी बाबांना एक प्रश्न विचारा: ‘तुम्ही दहावीत होता तेव्हा काय वाजत होतं?’ पहिल्यांदा ते रफीच म्हणतील, कारण तेच म्हणायची सवय झाली आहे. थोडं थांबा. पुन्हा विचारा, ‘नाही, गावात, मंडईत काय वाजत होतं?’ मग ते जे गुणगुणतील ते फोनवर रेकॉर्ड करा. त्याचा ट्रॅक यूट्यूबवर नसेल. तो आपल्याला करायचा आहे.