गुडघा सोडून सगळे दोषी

आरोपीच्या वकिलाने जीव तोडून बाजू मांडावी, यात काही गैर नाही. आरोपी पोलीस असला तरी तो हक्क त्यालाही आहेच. पण २०२१ साली मिनिआपोलिसमध्ये डेरेक शॉव्हिनवर खटला चालला, त्यातला बचाव आठवला की अजून डोकं तापतं.

जॉर्ज फ्लॉइड जमिनीवर पालथा आणि वर याचा गुडघा, ९ मिनिटं २९ सेकंद. साऱ्या जगाने पाहिलेलं. तरी बचाव काय? फ्लॉइडच्या रक्तात फेंटानिल होतं. हृदय आजारी होतं. पोलिसगाडीच्या सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड आला असेल! अहो, पण आजारी माणसाला गुडघ्याखाली दाबलं, तर त्याचा जीव आजाराने गेला म्हणायचं?

कहर म्हणजे, रस्त्यावरच्या लोकांच्या आरडाओरड्यामुळे म्हणे शॉव्हिनचं लक्ष विचलित झालं. कोण होते हे लोक? सुट्टीवर असलेली एक अग्निशमन कर्मचारी, जी नाडी बघा म्हणून विनवत होती. एक नऊ वर्षांची मुलगी. वाचवा म्हणणारेच गुन्हेगार!

ज्युरीने हे मानलं नाही. २० एप्रिल २०२१ला तिन्ही आरोप सिद्ध झाले. न्याय झाला म्हणून आपण सुस्कारा सोडला.

पण मंडळी, हा बचाव काही कोर्टात जन्मला नव्हता. मे २०२०मध्ये पोलिसांच्या पहिल्याच पत्रकात हा मृत्यू 'वैद्यकीय घटना' होता. गुडघ्याचा उल्लेखही नाही. एका सतरा वर्षांच्या मुलीने मोबाइलवर चित्रण केलं नसतं, तर तेच पत्रक सत्य ठरलं असतं.