मुंबईचा पूर्व किनारा कुणाला ‘परत’ द्यायचा?

मुंबईचा समुद्र म्हटले की आपल्याला मरीन ड्राइव्ह आठवतो. पण ज्या समुद्राने हे शहर घडवले, तो पाठीमागच्या बाजूला आहे. ससून डॉकपासून शिवडीपर्यंतचा हा किनारा भिंती, गोदामे आणि रुळांच्या आड दडलेला आहे. तो मुंबईकरांना ‘परत’ द्यावा, असे हल्ली वारंवार ऐकू येते. या थ्रेडचा आक्षेप ‘परत’ या शब्दाला आहे.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने पूर्वेच्या समुद्रात भराव घालून धक्के बांधले. बंदराच्या नाड्या एका खासगी कंपनीच्या हाती राहणे सरकारला परवडणारे नव्हते. १८७० मध्ये सरकारने तिची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. नावात ‘ट्रस्ट’ होता, पण कारभार अधिकाऱ्यांचा आणि बड्या व्यापाऱ्यांचा. (२०२१ च्या कायद्यानंतर नावातूनही तो शब्द गेला, आता ‘प्राधिकरण’ आहे.)

पुढे किनारा अक्षरशः तयार केला गेला. अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. माझगाव-शिवडीकडे बंदराचा तळ उपसून तो गाळ भरावात ओतला आणि शेकडो एकर जमीन निर्माण झाली. ज्या उथळ खाजणात कोळी जाळी लावत, तिथे कापसाची आणि कोळशाची वखार आली. म्हणजे आज जी जमीन ‘परत’ मागितली जाते, ती सामान्य मुंबईकराची कधी नव्हतीच. हिरावला गेला तो समुद्र, आणि तोही प्रथम कोळ्यांचा.

गोदीच्या भिंतीने लोकांना बाहेर ठेवले, धोका मात्र आत ठेवला नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजातील कापूस पेटला, त्याच जहाजावरील दारूगोळ्याचे स्फोट झाले आणि आसपासची वस्ती होरपळली. उडालेल्या सोन्याच्या विटांच्या कथा आपण चवीने सांगतो. आगीशी झुंजताना मेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ तो दिवस आजही अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, हे कमी जणांना ठाऊक असते.

१९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, मालवाहतूक हळूहळू खाडीपलीकडे सरकली आणि इथली जमीन एकाएकी ‘मोकळी’ दिसू लागली. ती मोकळी नाही. दारुखान्यात जुनी जहाजे तोडणारे मजूर आहेत, कोळीवाडे आहेत. शिवडीच्या चिखलात हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात. त्याच चिखलावरून २०२४ पासून अटल सेतू जातो. विहारपथ आणि उद्याने मलाही हवी आहेत. पण आराखड्यात आधी नोंद व्हावी ती कोळ्यांच्या मासेमारीच्या हक्कांची, मजुरांच्या घरांची आणि भरती-ओहोटीच्या त्या पट्ट्याची, जो नकाशात अजूनही कोऱ्या जागेसारखा दाखवला जातो.