मारुतीची रुई आणि नाशिकची फुलपाखरे

शनिवार उजाडला की मारुतीच्या देवळांबाहेर रुईच्या पानांच्या माळा विक्रीस येतात. तेल, शेंदूर आणि रुई यांवाचून मारुतीची पूजा पुरी होत नाही, ही महाराष्ट्राची जुनी श्रद्धा. परंपरा ज्या अंजनेरीला हनुमंताचे जन्मस्थान मानते, तो डोंगर तर नाशिकच्या अगदी उशाशी. रुईचा सर्वाधिक मान खरे तर याच नगरीत राहावयास हवा. प्रत्यक्षात मात्र माळेतून देवाच्या गळ्यापर्यंत पोहोचणारी रुई अंगणात उगवली की तण ठरते आणि मुळासकट उपटली जाते. पांढऱ्या रुईच्या मुळात गणपती सापडतो, या समजुतीपोटीही कित्येक झाडांचा बळी जातो.

पूर्वजांनी रुईला ‘अर्क’ म्हणून सूर्याशी जोडले, नवग्रहांच्या समिधांत स्थान दिले. तिचा सृष्टीतील संसारही तितकाच विलक्षण आहे. इंग्रजीत ‘प्लेन टायगर’ म्हणून ओळखले जाणारे नारिंगी फुलपाखरू रुईच्या पानावर एकेक अंडे घालते. अळी तीच चिकाळ पाने खाऊन वाढते. चिकातील विषारी द्रव्यामुळे पक्षी तिला आणि पुढे फुलपाखरालाही सहसा टाळतात. रुईच्या कुळातील वनस्पती नसतील, तर ही अळी जगू शकत नाही. रुईच्या फुलांचे परागीभवन करतात ते मोठे काळे भुंगे. हेच भुंगे शेवग्याच्या फुलांवरही राबतात. म्हणजे परसातल्या शेवग्याच्या शेंगेचे नाते कुंपणाबाहेरच्या रुईशी आहे.

याच कुळातील ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही कंदीलपुष्पाची जात अंजनेरीवरून २००६ साली प्रथम जगासमोर आली. ती अतिशय दुर्मीळ असून तिच्या नावातच अंजनेरी आहे. ज्या डोंगराला लाखो भाविक वंदन करतात, त्याच्या माथ्यावरील या ठेव्याची किती जणांना वार्ता आहे?

अमेरिकेत ‘मोनार्क’ हे रुईवरील फुलपाखराचेच भाईबंद. तणनाशकांच्या माऱ्याने त्याची खाद्यवनस्पती शेतांतून नाहीशी होऊ लागली, तेव्हा तेथील नागरिकांनी घराघरांत ती लावण्याची चळवळ उभी केली. बागेत कोणती जात लावावी, यावरही तेथे काटेकोर विचार होतो. इकडे रोपवाटिकांत शोभेसाठी मिळणारे ‘हळदीकुंकू’ मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील. खुद्द अमेरिकेतील जाणकार ते लावण्यापूर्वी सावध करतात. उबदार प्रदेशात ते वर्षभर हिरवे राहते आणि त्यावर फुलपाखरांना जडणारा एक परोपजीवी साचत जातो. येथेही फुलपाखरे त्यावर अंडी घालतात, हे खरे. तथापि दारची रुई उपटून विकतचे परदेशी रोप आणण्यात कोणते शहाणपण?

‘रुई तर कोठेही उगवते, ती मुद्दाम लावायची कशाला?’ असा आक्षेप येईल. उत्तर सोपे आहे. ती ज्या मोकळ्या जागी उगवत असे, त्या जागाच शहरात उरलेल्या नाहीत. पडीक भूखंडांवर इमारती आल्या, बांधांवर काँक्रीट आले. दुसरा आक्षेप रास्त आहे. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक असतो. म्हणून ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, कुंपणाच्या कडेला असावी आणि पाने तोडल्यावर हात धुवावेत. ऊन आणि मुरूम एवढेच तिला पुरते. पाण्याची तिची मागणी नाही.

तपोवनातील वृक्षतोडीच्या प्रस्तावावरून २०२५ च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर उतरले. सिंहस्थाचे पावित्र्य आणि गोदाकाठची हिरवाई यांत वैर नाही, हेच त्या अस्वस्थतेने सांगितले. वृक्षांसाठी जागा झालेला हा भाव झुडपांपर्यंतही पोहोचावा. प्रत्येक मारुती मंदिराने आवारात दोन-चार रुई जोपासाव्यात. माळेसाठी पाने खुडताना खालची बाजू पाहावी, अंडे वा अळी असलेले पान झाडावरच ठेवावे आणि एकच झाड ओरबाडू नये. भुंगे घर करतात तो वाळका ओंडकाही कोपऱ्यात राहू द्यावा.

देवाला वाहिलेले पान दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते. झाडावर राखलेल्या पानातून मात्र एक जीव पंख घेऊन उडतो. रामकार्यात खारीचाही वाटा मानणाऱ्या संस्कृतीला ही सेवा लहान वाटण्याचे कारण नाही.