पायऱ्यांवर वाचलेली हिरकणी

हिरकणीची गोष्ट आपण सर्वांनी शाळकरी वयात ऐकलेली असते. दूध घेऊन रायगडावर आलेली गवळण, सूर्यास्तानंतर मिटलेले दरवाजे, घरी तान्हे मूल, आणि मग अंधारात उतरलेला कडा. या कथेला समकालीन आधार कितपत आहे, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. वात्सल्याची कथा म्हणून ती मनात इतकी पक्की बसली आहे की तिच्यात आणखी काही असावे, अशी शंकाही आपल्याला येत नाही. मला ती आली ती चित्त दरवाजाच्या वाटेने गड चढताना, आणि खरे सांगायचे तर गुडघ्यांमुळे.

एप्रिलचे ऊन होते, सोबत एम.ए.चे विद्यार्थी. महादरवाजा अजून दृष्टीपथात नव्हता. एका वळणावर धापा टाकत बसलेल्या विद्यार्थिनीने विचारले, "सर, ती रोज यायची?"

हा 'रोज' मी वर्षानुवर्षे सहज ओलांडत आलो होतो. कडा उतरणे ही एका रात्रीची गोष्ट, पण दुधाचे ओझे घेऊन हा चढ चढणे हा तिचा नित्याचा पोटापाण्याचा उद्योग. कथेने रात्रीचे साहस ठेवले आणि दिवसाचे श्रम गाळले. ही गाळलेली जागा मला वर्गात कधी दिसली नव्हती. गैरसोय हेही वाचनाचे एक साधन असते, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

1996 पासून रायगडावर रोपवे आहे. पायथ्याचे स्थानक हिरकणीवाडीतच असावे, हा योगायोग मोठा बोलका आहे! रोपवेशी माझे भांडण नाही. माझ्या आईने सत्तरीनंतर गड पाहिला तो त्यातूनच. मात्र त्या काही मिनिटांत उंची दिसते, अंगाला कळत नाही.

तरीही दुर्गभ्रमंतीच्या लेखनातून दमणुकीचे जे गौरवीकरण चालते, ते मला मान्य नाही. आपली दमणूक हौसेची. संध्याकाळी पाचाडला गाडी उभी असते. हिरकणीला अशी निवड नव्हती. आपल्या पायांना तिच्या कष्टांचा फार तर अंदाज येतो, आणि तोही एका दिवसापुरता.

त्याच वाटेवर एक मावशी ताक विकत बसल्या होत्या. हंडा खालच्या वाडीतून त्यांनीच डोक्यावरून आणलेला. आमच्यातल्या एका मुलाने तो उचलून पाहिला आणि दोन पायऱ्या चढताच खाली ठेवला. सगळे हसले, मावशीही. मग पैसे देताना, आठ पेले घेतलेत तर काही कमी होईल का, असे त्यानेच विचारले.