गाळीची गाळणी

कानडीत हवेला 'गाळी' म्हणतात, हे आपल्या घरांत वेगळं सांगायला नको. पण गाळीलाही गाळणी लागते, हे मला गेल्या डिसेंबरात इचोड्याला कळलं.

आदिलाबादचं लग्न आटोपून भाच्याच्या ट्रकमधून भालकीला परत निघालो होतो. मागे कापसाच्या गाठी. हा भाचा आमच्याच कॉलेजातून दुसऱ्या वर्षी बाहेर पडला, म्हणून दोन वर्षं मी त्याच्याशी धड बोललो नव्हतो. इचोडा आलं आणि त्यानं गाडी बाजूला घेतली.

"मामा, हाय-लो उशिरा पडतंय. बघून घेतो."

दुसऱ्या दिवशी नऊला माझा तास होता. म्हटलं, "चालतेय ना गाडी? निर्मलला बघू."

"निर्मलच्या अलीकडे घाट आहे. उतारावर गिअर पडलाच नाही तर सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की संपलं." मग हळूच, "निधान, मामा."

अशा मोठ्या गाड्यांत खालच्या गिअरांतून वरच्या गिअरांत जायला हवेचा दाब लागतो. कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर पाणी आणि तेलाचा अंशही येतो. तो अडवायला गिअरबॉक्सजवळ छोटी गाळणी असते. ती तुंबली की दाब वेळेवर पोचत नाही.

मेकॅनिक मराठी, तेलुगू, हिंदी एकाच वाक्यात बोलणारा. आधी चाकांना दगड लावले, मग टाकीचा कॉक उघडून सगळी हवा सोडली. दाब असताना झाकण खोललं तर ते तोंडावर उडतं, म्हणाला. हवेबरोबर चहासारखं तेलकट पाणी आलं. गाळणी काळी ठिक्कर. नवी घातली, ओ-रिंग बदलली. हवा भरल्यावर जोडावर साबणाचा फेस लावला. बुडबुडा आला नाही.

मग इंजिनचा एअर फिल्टर काढला. धुळीबरोबर कापसाची तूसही अडकलेली. मी मदत म्हणून तो टायरवर आपटायला गेलो, तर भाच्यानं हात धरला. "कागद फाटतो, मामा. मग धूळ सरळ इंजिनात." त्यानं बेतानं हवा मारली, आतून बाहेर. फाटलाय का ते पाहायला आत बॅटरी धरली. कुठून उजेड आला नाही, तेव्हाच परत बसवला.

दोन तास गेले. घाटात प्रत्येक गिअर वेळेवर पडला. माझा नऊचा तास मात्र बुडाला.

घरी बहीण दारातच उभी होती. "पोरगा शिकला असता तर..." हे तिचं नेहमीचं सुरू झालं. या वेळी मी मान डोलावली नाही. म्हटलं, "अक्का, शिकलाय तो."

तुमच्याही घरी कुणी ट्रक चालवत असेल, तर आज जेवताना एवढंच विचारा: टाकीतलं पाणी सोडलंस का रे?