करारावर सही कोणाची?

म्हैसूरहून हासनकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बेळगोळ नावाचे लहानसे स्थानक आहे. कृष्णराजसागर धरण तेथून जवळ. संघटनेच्या कामासाठी म्हैसूरला गेलो असता तेथील साथींनी आम्हाला मुद्दाम बेळगोळला नेले, कारण रुळांवर काम करणारे कामगार सभेसाठी शहरात येऊ शकत नव्हते. दुपारची गाडी गेल्यावर झाडाखाली बैठक झाली. पंचवीस-तीस जण असतील, त्यांत पाच स्त्रिया. आम्ही सोबत नेलेले एकवीस कलमांचे मागणीपत्र स्थानिक साथीने कानडीत वाचून दाखविले.

त्या पाचांपैकी एक भगिनी खानापूर तालुक्यातली निघाली. नवरा ट्रॅकवर होता, तो गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर तिला त्याच खात्यात घेतले, आणि नेमणूक मिळाली ती घरापासून इतक्या लांब. मराठी ऐकून तिला बरे वाटले. तिने मागणीपत्र मागून घेतले. स्त्री कामगारांसाठी कामाच्या ठिकाणी शौचालय आणि कपडे बदलण्याची जागा, ही मागणी अठराव्या क्रमांकावर होती. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "दादा, हे लिवताना आमच्यातली कोण होती?"

आम्ही सांगितले की महिला आघाडीला विचारले होते. हे उत्तर पुरते खरे नव्हते. मसुदा छापून झाल्यावर त्याची प्रत आघाडीकडे धाडली होती, एवढेच. मसुदा समितीत आम्ही सात जण होतो, सातही पुरुष. या अंकाचे संपादकीय दुसऱ्याच विषयावर लिहावयाचे ठरले होते. पण त्या बाईचा प्रश्न परतीच्या गाडीत आमच्याबरोबर बसला, म्हणून तो विषय बाजूला ठेवला आहे.

बेळगोळ श्रीरंगपट्टण तालुक्यात येते. शेजारी पांडवपुर तालुका. त्या तालुक्यातील एंगलगुप्पे गावी १९२४ साली एक मुलगा जन्मला, तो पुढे सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती आणि १९८९ साली काही महिने देशाचा सरन्यायाधीश झाला. न्या. ई. एस. वेंकटरामय्या हे त्यांचे नाव. २६ मार्च १९८७ रोजी त्यांनी दिलेला एक निकाल प्रत्येक युनियन कार्यालयात टांगून ठेवावा अशा योग्यतेचा आहे. आम्हाला शंका आहे की तो फार थोड्या ठिकाणी माहीत असेल, आणि माहीत नसण्याचे कारणही त्या निकालातच आहे.

मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत ऑड्री डिकोस्टा या लघुलेखिका होत्या. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली ज्या लघुलेखिका काम करीत त्यांना कंपनी 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर' म्हणे. त्या सगळ्या स्त्रियाच. तेच टंकलेखन, तेच लघुलेखन करणाऱ्या पुरुषांना पगार जास्त. १९७७ च्या जूनमध्ये डिकोस्टाबाईंची नोकरी संपविण्यात आली, तेव्हा त्यांनी समान वेतन कायद्याखाली फरकाची रक्कम मागितली. हा कायदा तेव्हा नवाच होता. आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळलेल्या १९७५ साली आधी वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. समान वेतनाचा आंतरराष्ट्रीय करार मात्र भारताने १९५८ सालीच मान्य केला होता. मधली सतरा-अठरा वर्षे कोणाला घाई वाटली नाही. आम्हालाही नाही.

कंपनीने बचाव काय केला? पहिला, या पदावर पुरुष नाहीतच, मग भेदभाव कोणाशी? दुसरा, कंपनी तोट्यात आहे. आणि तिसरा, ज्यासाठी हे सारे लिहीत आहोत तो : हे पगार आम्ही एकट्याने ठरविलेले नाहीत, १९७५ साली कामगार संघटनेशी रीतसर करार करून ठरविले आहेत.

वाचकहो, या ठिकाणी थोडे थांबावे. मालक एका स्त्री कामगाराला कमी पगार देतो आणि न्यायालयात ढाल म्हणून पुढे करतो युनियनची सही. पहिल्या अधिकाऱ्याला ही ढाल पुरेशी वाटली. दोघांचे काम सारखे आहे हे मान्य करूनही त्याने अर्ज फेटाळला. बाईंनी अपील केले, ते मंजूर झाले. कंपनी उच्च न्यायालयात गेली, तेथे हरली. पुन्हा तेथेच अपिलात हरली आणि दिल्लीला गेली. नोकरी सुटल्यापासून निकाल लागेपर्यंत जवळजवळ दहा वर्षे. या दहा वर्षांत तिच्या बाजूने कोणती संघटना उभी राहावयास हवी होती हे आम्ही सांगण्याची गरज नाही.

न्या. वेंकटरामय्यांनी तिन्ही बचाव मोडीत काढले. एखाद्या पदावर फक्त स्त्रियाच नेमावयाच्या आणि मग तेथे पुरुष नाही म्हणून तुलना होत नाही म्हणावयाचे, हे चालणार नाही. कायदा लागू होणे कंपनीच्या नफ्या-तोट्यावर अवलंबून नाही. आणि करारातून स्त्री-पुरुषांत भेद होत असेल तर तो करार युनियनशी झालेला आहे म्हणून वैध ठरत नाही. शेजारच्या तालुक्यातला न्यायाधीश हे लिहून गेला आणि त्याला पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर आम्ही बेळगोळच्या झाडाखाली सात पुरुषांनी लिहिलेला कागद घेऊन बसलो होतो.

कोणी म्हणेल की रेल्वेत हा प्रश्न नाही, वेतन आयोगाची श्रेणी सर्वांना एकच. कागदावर हे खरे आहे. पण फरक पगारपत्रकात पडण्याआधी काम वाटतानाच पडतो. अनुकंपेवर आलेल्या भगिनीला ट्रॅकवर पाठवावयाचे नाही म्हणून एखादा भला मुकादम तिला कार्यालयात पाणी द्यायला, फायली उचलायला बसवितो. त्याच्या मनात दयाच असते. परंतु पाच-सात वर्षांनी कीमन किंवा मेटच्या जागेसाठी परीक्षा होते, तेव्हा तिला रुळाच्या कामाचा अनुभव नसतो. तिच्यामागून आलेला पुरुष पुढे जातो. दुसरीकडे, जिला खरोखर ट्रॅकवर पाठवितात तिच्यासाठी मैलोगणती आडोसा नसतो. ती सकाळपासून पाणी पीत नाही. उन्हाळ्यात याचे काय होते ते ज्याने गँगमध्ये काम केले आहे त्याला विचारावे. ही बाब अठराव्या क्रमांकाची आहे असे ज्या समितीला वाटले, त्या समितीला दिवसभर पाणी न पिता खडी ओढावी लागलेली नाही, हे उघड आहे.

इंजिनवरही तेच. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ साली मध्य रेल्वेत सहायक चालक म्हणून लागल्या आणि देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक ठरल्या. २००० साली त्यांनी महिला विशेष लोकल चालविली, २०११ च्या महिला दिनी दख्खनची राणी घाटातून मुंबईला आणली, २०२३ मध्ये सोलापूरहून वंदे भारत आणली आणि सप्टेंबर २०२५ अखेर त्या निवृत्त झाल्या. आम्ही प्रत्येक वेळी हार घातले, फोटो छापले, या पानांवरही छापले. छत्तीस वर्षांची त्यांची नोकरी संपली तेव्हाही रेल्वेच्या एकूण कामगारांत स्त्रिया दहा टक्केही नव्हत्या. महिला चालकांची संख्या अलीकडे वाढून दीड हजारांच्या वर गेली आहे, ही चांगली गोष्ट. पण पहिलीचा सत्कार करणे सोपे, हजारावीसाठी रनिंग रूममध्ये स्वतंत्र खोली मागणे खर्चाचे. सत्काराला मागणीपत्र लागत नाही.

आमच्या चळवळीत स्त्रिया नव्हत्याच असे कोणी समजू नये. मणिबेन कारांनी पश्चिम रेल्वेच्या कामगारांचे नेतृत्व केले, हिंद मजदूर सभेच्या स्थापनेत त्या होत्या. मे १९७४ च्या संपात पुरुष तुरुंगात किंवा भूमिगत असताना क्वार्टर्स खाली करायला आलेल्यांपुढे रेल्वे कामगारांच्या बायका उभ्या राहिल्या. आम्ही तेव्हा अर्ध्या चड्डीत होतो, पण वसाहतीत वाढलेल्या कोणालाही हे आठवत असेल. संप मिटल्यावर वाटाघाटींची खुर्ची मात्र पुन्हा पुरुषांचीच झाली. त्याआधी मुंबईच्या गिरण्यांतही असेच घडले. १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला, तो देशातला पहिला. नंतरच्या दशकांत गिरण्यांतले स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. मालकाला ती महाग वाटू लागली आणि युनियनला घरातल्या कर्त्या पुरुषाचा पगार हाच कुटुंबाचा पगार वाटत होता. दोघांचे हिशेब वेगळे होते, वजाबाकी एकाच ठिकाणी झाली.

परदेशातही कथा फार निराळी नाही. लंडनजवळ डॅगनम येथे फोर्डच्या कारखान्यात गाड्यांच्या आसनांची कव्हरे शिवणाऱ्या स्त्रियांनी १९६८ साली संप केला. त्यांची तक्रार अशी की आमचे काम कुशल असून ते अकुशल धरले जाते. त्या संपाचा परिणाम म्हणून तेथे १९७० साली समान वेतनाचा कायदा झाला. पण त्यांच्या शिवणाला कुशल कामाची श्रेणी मिळाली ती १९८४ मध्ये, दुसरा संप केल्यावर. कोणते काम कुशल हे ठरविणाऱ्या टेबलाशी त्या नसतील तर दर बदलतो आणि श्रेणी तशीच राहते.

आता आजची गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांना आमचा विरोध का, हे या पानांवर अनेकदा आले आहे, येथे एकच बाजू पाहू. १९७६ चा समान वेतन कायदा रद्द होऊन त्याचे सार वेतन संहितेत आले. समान किंवा सारख्या स्वरूपाच्या कामात वेतनाचा भेद करता येणार नाही, आणि समानता आणण्यासाठी कोणाचाही पगार कमी करता येणार नाही, हे त्यात कायम आहे. शेवटचा भाग ज्या पुरुष साथींना उगाच धास्ती वाटते त्यांनी नीट वाचावा. परंतु जुन्या कायद्याखालच्या सल्लागार समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात अशी तरतूद होती, संहितेतल्या सल्लागार मंडळावर ती एक-तृतीयांशावर आली. सुधारणा म्हणून ज्याची जाहिरात झाली त्यात अर्ध्याचे तिसरे कसे झाले, हे आम्ही कोणत्याही जाहिरातीत वाचले नाही.

दुसरी संहिता सांगते की स्त्रीला तिच्या संमतीने रात्रपाळीत काम देता येईल. रात्रीच्या कामाला आमचा सरसकट विरोध नाही. ते नाकारले की भत्ता आणि बढती दोन्ही जातात. पण अधिकाऱ्याच्या खोलीत एकट्या बाईपुढे कागद सरकवून घेतलेली सही, तिला संमती म्हणावयाचे काय? तेथे युनियनचा प्रतिनिधी हवा, आणि तो शक्यतो स्त्री हवा.

तिसरी बाब आमच्याच अंगणातली. औद्योगिक संबंध संहितेनुसार तक्रार निवारण समितीवर स्त्री कामगारांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. मात्र मालकाशी वाटाघाटी करणाऱ्या युनियनच्या किंवा परिषदेच्या प्रतिनिधींत स्त्रिया असाव्यात असे बंधन नाही. म्हणजे तक्रार करायला बाई चालेल, करार करायला नको. सरकारने हे लिहिले म्हणून सरकारला दोष देता येईल. पण ही जागा भरण्यापासून आम्हाला कोणी रोखलेले नाही. त्यासाठी कायदा लागत नाही, कार्यकारिणीचा ठराव पुरतो.

येत्या अधिवेशनात आम्ही तसा ठराव मांडत आहोत. ज्या खात्यात स्त्री कामगार आहेत त्या खात्याच्या मागणीपत्राच्या मसुदा समितीत आणि वाटाघाटींच्या शिष्टमंडळात किमान दोन स्त्रिया असाव्यात. एक नव्हे, दोन, कारण एकटीला बोलू दिले जात नाही हे आम्ही पाहिले आहे. शाखेच्या सभा रात्री नऊला न घेता ड्यूटी संपताच घ्याव्यात. महिला आघाडीकडे छापील प्रत न जाता कच्चा मसुदा जावा. काही वरिष्ठ साथींनी आम्हाला खाजगीत विचारले की बायका मिळतील कोठून, त्या पुढे येत नाहीत. त्यांना आमचे सांगणे एवढेच की बेळगोळला जाऊन बघावे.

न्या. वेंकटरामय्यांच्या कन्या न्या. बी. व्ही. नागरत्ना ऑगस्ट २०२१ पासून सर्वोच्च न्यायालयात आहेत. ज्येष्ठतेचा क्रम पाळला गेला तर सप्टेंबर २०२७ मध्ये त्या देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील, तेही जेमतेम महिनाभर. सर्वोच्च न्यायालयाला त्या खुर्चीपर्यंत पोचायला पंचाहत्तर वर्षांहून अधिक लागली. आमच्या महासंघाचे वयही काही कमी नाही.

बेळगोळहून निघताना मागणीपत्राची प्रत त्या खानापूरच्या भगिनीने परत दिली नाही. बाकीच्या चौघींना कानडीत पुन्हा वाचून दाखवायची आहे म्हणाली, आणि पेन मागितले. आम्ही खिशातले दिले. दुरुस्त्या होऊन प्रत आली की कलमे नव्या क्रमाने याच पानावर छापू.