हयातीचा दाखला

बँकेत असताना दर नोव्हेंबरात माझ्या टेबलासमोर पेन्शनर मंडळींची रांग लागायची. हयातीचा दाखला द्यायला. माणूस समोर उभा, कानटोपी सावरत, काठी टेकत, आणि तरीही त्याने ‘मी जिवंत आहे’ असे सहीनिशी लिहून द्यायचे. आम्ही सही ताडून पाहायचो, शिक्का मारायचो. एक निवृत्त मास्तर दरवर्षी विचारायचे, ‘‘काय साहेब, यंदाही आहे ना मी?’’ सगळी रांग हसायची.

त्या काळात जिवंत असणे म्हणजे काय, हा प्रश्न मला सोपा वाटायचा. तो तसा नाही, हे मला पहिल्यांदा १९९४ साली कळले.

सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. आजारी खातेदार बँकेत येऊ शकत नसेल, तर अधिकाऱ्याने त्याच्याकडे जाऊन अंगठा घ्यायचा, हाताचा घेता आला नाही तर पायाचा, आणि त्यावर दोन साक्षीदार घ्यायचे, असा नियम. एका खातेदाराचा मुलगा मला घेऊन दवाखान्यात गेला. मुदत ठेव मोडून वडिलांच्या उपचाराचेच बिल भागवायचे होते. वडील बेशुद्ध, नाकातोंडात नळ्या. मुलाने त्यांचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवलासुद्धा. मी म्हणालो, ‘‘थांबा. यांना कळत नाहीये. हा अंगठा मला चालणार नाही.’’ मुलगा भडकला. ‘‘त्यांचेच पैसे, त्यांच्यासाठीच हवेत!’’ त्याचे खरे होते. पण ज्याला कळत नाही त्याची संमती ही संमती नव्हे, हेही खरे होते. मी परत आलो. त्या मुलाने पैसे कुठून उभे केले, ते मी कधी विचारले नाही.

पंचवीस वर्षांनी, २०१९ च्या पावसाळ्यात, मी त्या मुलाच्या जागी उभा होतो.

माझे थोरले बंधू. दादा. वय ७८. मेंदूत रक्तस्राव झाला आणि दोन तासांत ते व्हेंटिलेटरवर गेले. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितले, सुधारणेची आशा नाही. वहिनी म्हणाल्या, ‘‘मग काढा ती नळी. त्यांचे हाल नकोत.’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘तसे आम्हाला करता येत नाही. तुम्ही घरी नेऊ शकता.’’ अमेरिकेतला पुतण्या फोनवर म्हणत होता, ‘‘मी येईपर्यंत सगळे चालू ठेवा.’’ पुतणी आईच्या बाजूने. तीन दिवस दवाखान्याच्या जिन्यात आमची भांडणे झाली. दवाखान्याशी कमी, आपसात जास्त.

मग एक छापील कागद आला. ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध आम्ही आमच्या जबाबदारीवर रुग्णास नेत आहोत.’ मी तो दोनदा वाचला. उपयोग नाही, हे डॉक्टरच सांगत होते. घरी न्या, हेही तेच सुचवत होते. आणि कागद म्हणत होता, त्यांच्या सल्ल्याविरुद्ध. उभा जन्म कागदांवर सह्या करण्यात गेलेला माणूस मी. खोट्या मजकुराखाली सही करवेना. मी सही केली नाही. दादा आणखी नऊ दिवस त्या यंत्रावर होते आणि मग जंतुसंसर्गाने गेले.

त्या नऊ दिवसांत एकदा वहिनींनी विचारले, ‘‘भाऊजी, तुम्ही तर यांना लहानपणापासून ओळखता. यांना काय आवडले असते, तेवढे सांगा.’’ मला सांगता येईना. दादांच्या ठेवी कुठे आहेत, त्यांवर नॉमिनी कोण, लॉकरची किल्ली कुठे, सगळे मला ठाऊक होते. मरणाबद्दल मात्र आम्ही दोघे भाऊ आयुष्यात एकदाही बोललो नव्हतो.

हा विषय निघाला की महाराष्ट्राला अरुणा शानभाग आठवते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातली ही तरुण परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका कामगाराने साखळीने गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षे, ती त्याच रुग्णालयात होती. पत्रकार पिंकी विराणी तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अरुणा स्वतः श्वास घेत होती, म्हणजे प्रश्न यंत्राचा नव्हता, तिला अन्न भरवणे थांबवावे का, असा होता. के.ई.एम.च्या परिचारिकांनी ठाम विरोध केला. इतक्या वर्षांत तिच्या पाठीला एकही शय्याव्रण होऊ न देणाऱ्या त्या बायका. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. तिच्या बाबतीत बोलण्याचा अधिकार तिला सांभाळणाऱ्यांचा आहे, असे सांगितले. मात्र त्याच निकालाने, उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन उपचार थांबवण्याची वाट देशात प्रथमच उघडली.

त्या वादात मला दोन्ही बाजू खऱ्या वाटत आल्या आहेत. एक बाजू म्हणत होती, हे जगणे नव्हे. दुसरी म्हणत होती, आम्ही हिला रोज भरवतो, ही आमची आहे. फक्त अरुणाला काय हवे होते, ते कुणालाच ठाऊक नव्हते.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि माणसाला आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याची मुभा दिली. पण त्यासाठी घातलेली प्रक्रिया इतकी लांबलचक होती की डॉक्टर त्या वाटेला जायला कचरत. आमच्या दादांच्या वेळी हेच झाले असावे. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सुटसुटीत केली. आता हे इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. वेळ आली तर आधी दवाखान्याचे तीन डॉक्टरांचे मंडळ आणि मग दुसरे मंडळ पाहणी करते. या दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे. उपचार थांबवण्याआधी दवाखान्याने दंडाधिकाऱ्यांना कळवायचे. इच्छापत्र नसेल तरी नातलगांच्या संमतीने ही वाट आहे. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालय आहेच. सुई टोचून कुणाला मारणे हा मात्र पूर्वीसारखाच गुन्हा आहे. इथे प्रश्न फक्त निरुपयोगी ठरलेले उपचार थांबवून, वेदना होऊ न देता, निसर्गाला त्याचे काम करू देण्याचा आहे.

कुणी म्हणेल, एवढी दोन-दोन मंडळे कशाला? बँकेत काढलेली माझी वर्षे सांगतात, हवीत. वडील अतिदक्षता विभागात असताना त्यांच्या खात्यात किती शिल्लक आहे, हे विचारायला आलेले वारस मी पाहिले आहेत. त्याच काउंटरवर मंगळसूत्र गहाण टाकून नवऱ्याचे बिल भरणाऱ्या बायकाही पाहिल्या आहेत. नियम पहिल्यांना अडवणारा हवा आणि दुसऱ्यांना न रडवणारा. म्हणून दवाखान्यांनी आता कायद्याकडे बोट दाखवून घरच्यांच्या हाती तो खोटा छापील कागद देऊ नये. मंडळे केवळ फायलीत नकोत. ती कशी बोलवायची, हे अतिदक्षता विभागाच्या दारावर मराठीत लिहिलेले हवे. आणि आपणही प्रत्येक डॉक्टर बिलासाठीच यंत्र चालू ठेवतो, असे धरून चालू नये. उद्या आपल्यातलाच एखादा नातेवाईक पोलिसांत जाईल, ही त्याची भीती खोटी नाही.

आपली परंपरा या बाबतीत भित्री नव्हती. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध नाकारले आणि शांतपणे देह ठेवला. त्यांना काय हवे, हे आसपासच्यांना स्पष्ट कळले होते, कारण ते त्यांनी शुद्धीत असताना सांगितले होते. आपण सामान्य माणसे एवढे मोठे नसू. पण सांगून ठेवणे तर आपल्यालाही जमेल.

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला देऊन घरी आलो आणि त्याच आठवड्यात माझे इच्छापत्र केले. मेंदू परत येणार नाही असे डॉक्टरांचे मत पडले तर मला यंत्रावर ठेवू नये, वेदना मात्र होऊ देऊ नयेत, एवढाच त्याचा मथितार्थ. साक्षीदार म्हणून शेजारचे दोघे आले. चहा झाला. एक प्रत मुलाकडे, एक आमच्या डॉक्टरांकडे.

बायकोने ते चष्मा लावून सावकाश वाचले. मी विचारले, ‘‘तुझेही करायचे?’’ ती म्हणाली, ‘‘माझे वेगळे आहे. माझ्यासाठी शेवटपर्यंत करा. लेकीचे बाळंतपण व्हायचे आहे, मला एवढ्यात जायचे नाही.’’

मला हसू आले, पण ती हसत नव्हती. मी वही काढली, तारीख घातली आणि ती म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहून घेतले. खाली तिची सही घेतली. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्याबद्दलची ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.